वाचणाऱ्याचे ऐकणारे घर



सुगी आटोपली की धान्याचा हिशेब आपण पोत्यांत करतो, दुधाचा लिटरात करतो, उसाचा टनांत करतो. मुलांच्या शिक्षणाचा हिशेब मात्र कशात मांडावा, हे आपल्याला चटकन उमगत नाही. मग पारावर तोच प्रश्न निघतो, "एवढे शिकून नोकरी कुठे लागणार आहे?"

प्रश्न खोटा नाही. पदव्या घेऊन घरी बसलेली मुले गावोगाव आहेत. पण नोकरी हे शिक्षणाचे एक पीक झाले. शिक्षण हा जमिनीचा कस आहे. कस वाढला की पीक कोणतेही घ्या, ते चांगलेच येते. एखाद्या वर्षी बाजार पडला म्हणून कोणी रानात शेणखत घालायचे सोडून देत नाही.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. घरात वाचणारे माणूस असून भागत नाही. त्याचे ऐकणारे घरही लागते.

शाळेतून काढलेला मुलगा

पावणेदोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट घ्या. पुण्यात गोविंदराव फुले नावाचे माळी गृहस्थ होते. फुलांचा आणि भाजीपाल्याचा त्यांचा व्यवसाय. मुलगा जोतीराव हुशार, पण शिकून मुलगा हातचा जाईल असे लोकांनी वडिलांच्या मनात भरवले. मुलाला शाळेतून काढून शेतात घातले. आपल्याकडे आजही घडते तेच तेव्हा घडले.

पुढे शेजारच्या दोघांनी त्या मुलाची वाचनाची ओढ पाहिली. एक गफार बेग मुन्शी आणि दुसरे लिजिट साहेब. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि गोविंदरावांनी ऐकले. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. त्या वेळी ते १४ वर्षांचे होते आणि त्यांचे लग्नही झालेले होते. एवढा मोठा घोडा शाळेत कुठे घालायचा, असे वडील म्हणाले असते तर महात्मा फुले झालेच नसते.

यात आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. नगर शहरात अमेरिकन मिशनच्या फॅरारबाई मुलींची शाळा चालवीत. जोतीरावांनी ती शाळा पाहिली आणि आपल्याही मुली अशाच शिकल्या पाहिजेत, हे त्यांच्या मनाने घेतले. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. तिथे शिकवायला उभ्या राहिल्या सावित्रीबाई. १८४० साली लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जोतीरावांनी त्यांना शिकवले, आणि शिक्षिकेचे शिक्षण त्यांनी नगरला फॅरारबाईंकडे घेतले.

पुढचा दुवा पाहा. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ साली तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. हे पत्र १८४२ साली सुरू झाले तेही नगरलाच. एका शेजाऱ्याने चार शब्द सांगितले, एका बापाने ते ऐकले, आणि त्यातून कोणाकोणाच्या आयुष्याची वाट बदलली! पुढे १८८३ साली जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ त्यांनी अविद्येत दाखवले. लहानपणी शेतात राबलेल्या माणसाने ते लिहिले, म्हणून त्याला धार आली.

बाटलीवरचा कागद

आता आपल्या रानात या. शेतीखात्याच्या नोकरीत मी गावोगाव हिंडतो. एका गावात कांद्याचे रोप दोन दिवसांत पिवळे पडून बसले. करप्याचे औषध समजून घरातल्या कर्त्याने तणनाशक मारले होते. दोन्ही बाटल्या एकाच आकाराच्या, एकाच फळीवर ठेवलेल्या. नाव, उपयोग, प्रमाण सारे बाटलीवर मराठीत लिहिलेले होते. घरात बारावी झालेली सून होती. पण तिला कोणी विचारले नाही, आणि आपण होऊन बोलावे अशी त्या घरात रीत नव्हती. बियाणे गेले, मशागत गेली, लागणीची वेळही गेली.

कीडनाशकाच्या वेष्टनावर चौकटीत रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. सौम्य असले तरी तेही विषच. सोबतच्या माहितीपत्रकात किती पाण्यात किती औषध घालायचे ते असते. फवारणीनंतर किती दिवस माल तोडू नये तेही असते. विषबाधा झाली तर उतारा काय, हेही छापलेले असते. दवाखान्यात धावायची वेळ आली तर रोग्याबरोबर ती बाटली आणि तो कागद न्यायचा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

बियाण्याच्या पिशवीवरही उगवणीचे प्रमाण, लॉट नंबर आणि मुदत असते. पिशवी फाडताना चिठ्ठी फेकू नका. पावतीबरोबर जपून ठेवा. बी उगवले नाही तर तक्रारीला तोच पुरावा.

सातबारा, आठ-अ, फेरफार, सोसायटीचे कर्जखाते यांचेही तसेच. वाचल्याशिवाय सही करू नये, आणि वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नये. जमीन नांगराने जेवढी राखली जाते, तेवढीच ती कागदानेही राखली जाते.

स्टेशनावरची पुस्तिका आणि गावाचा ताळेबंद

वाचायचे म्हणजे कपाटभर पुस्तके हवीत असे नाही. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे सातवीपर्यंत शिकलेले. सैन्यात ते गाडी चालवीत. मन उदास असताना नवी दिल्लीच्या रेल्वे स्टेशनावर स्वामी विवेकानंदांच्या विचारांची एक लहानशी पुस्तिका त्यांच्या हाती पडली. जगायचे ते लोकांसाठी, हे तिथून त्यांच्या मनात रुजले. १९७५ साली ते गावी परतले. पुढे राळेगणने पाणी कसे अडवले, ते आपण जाणताच. त्याच गावात इतरत्र नापास होऊन वाऱ्यावर पडलेल्या मुलांना मुद्दाम प्रवेश देणारी शाळाही उभी राहिली, हे विशेष लक्षात ठेवावे.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने शिकलेल्या माणसाचे ऐकले. १९८९ साली गावाने एम. कॉम. झालेल्या तरुण पोपटराव पवारांना सरपंच केले. पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातही बेभरवशाचा. गावाने श्रमदान केले, डोंगरावर चर खणले, झाडतोड आणि मोकाट चराई बंद केली. दुकानाचा जमाखर्च मांडावा तसा गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडू लागला. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्या पाण्यावर कोणते पीक निघेल, हे ग्रामसभेत आकड्यांनिशी ठरू लागले. गावाने आकडा वाचायचा आणि वाचलेला आकडा पाळायचा, हेही साक्षर होणेच आहे. पोपटरावांना पुढे पद्मश्री मिळाली.

तुम्ही म्हणाल, अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तर शाळेची पायरीही चढल्या नाहीत, तरी गावरान बियाणे जपून त्या बीजमाता झाल्या, त्यांनाही पद्मश्री मिळाली. अगदी खरे. न शिकलेल्या माणसाला ज्ञान नसते असे समजणे हा मूर्खपणा होय. पण राहीबाईंचे ज्ञान जगापुढे आले ते बायफसारख्या संस्थेतील शिकलेल्या माणसांनी त्यांचे ऐकून घेतले तेव्हा. जुन्या माणसाचे अनुभवज्ञान आणि शिकलेल्या पोराचे अक्षरज्ञान एका चुलीपाशी बसले, तर ते घर कशाला मागे पडेल? आजी बी ओळखील, नात त्याचे नाव वहीत लिहील.

कोयता आणि पाटी

या साऱ्यात एक दुःख आपल्या जिल्ह्याच्या पाठीशी कायम लागलेले आहे. एकाच जिल्ह्यात गोदावरी-प्रवरेच्या काठी साखर कारखाने, आणि पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्या नि ट्रक. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंब निघते ते उन्हाळा लागला की परतते. मूल बरोबर गेले तर शाळेचे निम्मे वर्ष बुडते. दोन-तीन हंगाम असे गेले की मुलाचे मन शाळेतून उठते. मुलगी असेल तर फडावर धाकट्या भावंडाला सांभाळते, आणि थोडी मोठी झाली की तिच्या लग्नाची घाई होते. उचल फेडायची असते. तिथे कोणाला दोष द्यावा!

तरीही काही करता येते. मूल आजी-आजोबांपाशी ठेवता येत असेल तर ठेवा. हंगामी वसतिगृहाची सोय होते का, हे गाव सोडण्यापूर्वी मुख्याध्यापकांना विचारा. बरोबर न्यावेच लागले तर मुक्कामाच्या गावातील शाळेत घाला. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. वर्षाच्या मध्येच आले किंवा जुन्या शाळेचा दाखला जवळ नाही, म्हणून त्याला प्रवेश नाकारता येत नाही. बागायतदार बांधवांनाही एक विनंती. तुमच्या फडात कोयता चालवणाऱ्याचे मूल बांधावर बसलेले दिसले, तर गावच्या गुरुजींना एक निरोप द्या. गफार बेग मुन्शींनी याहून वेगळे काय केले होते?

आजपासून एवढे करा

रात्री जेवणे झाल्यावर पंधरा मिनिटे घरातल्या एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. पोथी वाचायची चाल आपल्याकडे आहेच. ज्ञानोबारायांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, त्या मातीतली आपण माणसे. पोथीच्या जोडीला वर्तमानपत्र वाचा, मातीपरीक्षणाचा कागद वाचा, सोसायटीची नोटीस वाचा. वाचायला रोज निराळे माणूस बसवा, एक दिवस मुलगी तर एक दिवस सून. अडखळली तर हसू नका. खर्चाची एक वही ठेवा आणि ती लिहायचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे द्या. औषधाची बाटली उघडण्यापूर्वी वरचा कागद कोणाकडून तरी वाचून घ्या. यंदा गावात कोणाची मुलगी शाळेतून काढायचे घाटत असेल, तर तिच्या बापाशी जाऊन बोला. शेजाऱ्याचा शब्द माणूस पुष्कळदा ऐकतो.

तुमच्या घरात वाचणारे कोणीतरी आहेच. फवारणीच्या आदल्या रात्री त्याला जवळ बसवा आणि म्हणा, "वाच बरं, काय लिहिलंय ते."