फी भरली, पण घरभाड्याचं काय?

टेक्सासमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी नोकरी करते. लष्करातून बाहेर पडून पुन्हा शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांनी कोणते विषय घेतलेत, हे दर सेमिस्टरला सरकारच्या माजी सैनिक खात्याला कळवायचं, हे माझं काम. मी कळवल्याशिवाय त्यांचे पैसे सुटत नाहीत. ऑगस्टमध्ये टेबलासमोर रांग लागते, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न फीचा नसतोच. "मॅम, भाड्याचे पैसे कधी येतील?"

'जीआय बिल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्याचं मर्म या प्रश्नात आहे. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, 22 जून 1944 रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. वर्षाला 500 डॉलरपर्यंत फी, शिवाय एकट्या माणसाला महिना 50 डॉलर आणि कुटुंबवाल्याला 75. सुमारे 22 लाख माजी सैनिक या पैशांवर कॉलेजात गेले. 1947 साली अमेरिकेतल्या कॉलेजांतला जवळजवळ दर दुसरा विद्यार्थी माजी सैनिक होता. कृष्णवर्णीय सैनिकांच्या पदरात मात्र फार थोडं पडलं. कायद्यानं हक्क सारखाच दिला होता, पण दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या कॉलेजांची दारं त्यांना बंद होती. हा अन्याय सांगितल्याशिवाय या कायद्याचं कौतुक मला करवत नाही.

आज चालतो तो 2009 साली लागू झालेला नवा कायदा. 11 सप्टेंबर 2001 नंतर किमान तीन वर्षं सक्रिय सेवा केली असेल, तर 36 महिन्यांचा पूर्ण लाभ मिळतो. म्हणजे नऊ महिन्यांची चार शैक्षणिक वर्षं. त्यात सरकारी कॉलेजची स्थानिक फी पूर्ण, पुस्तकांना वर्षाला हजार डॉलरपर्यंत आणि कॉलेज ज्या भागात आहे तिथल्या दरानं घरभाडं. सगळे विषय ऑनलाइन घेतले तर भाडं बरंच कमी होतं, म्हणून एक तरी विषय वर्गात बसून घ्या, असं मी प्रत्येकाला बजावते.

खरी मेख पुढे आहे. भाडं मिळायला निम्म्याहून जास्त अभ्यासक्रम लागतो, बरोबर निम्मा चालत नाही. रात्रपाळीला गोदामात काम करणाऱ्या एका मुलाचे 9 क्रेडिट होते. पूर्णवेळ म्हणजे 12. बीजगणित झेपेना म्हणून त्यानं तो 3 क्रेडिटचा विषय सोडायचं ठरवलं. उरले असते 6, आणि सगळं भाडं बंद. घरी बायको आणि तान्हं बाळ. फॉर्म देण्याआधी तो माझ्याकडे आला म्हणून बरं. शिकवणीची सोय लावून दिली, विषय टिकला.

अशा वेळी मला माझे मामा आठवतात. मराठा लाइट इन्फंट्रीतून चाळिशीच्या आतच पेन्शनवर आले. आपल्याकडे दहावी पास आणि पंधरा वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट 'क' पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीनं धरतात. नियम चांगलाच आहे. पण मामांना इतिहास शिकायचा होता. दोन पोरांच्या शाळा चालू असताना वर्गात बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी बँकेत पहाऱ्याची नोकरी धरली.

आता चार वर्षांसाठी सैन्यात भरती झालेले बहुतेक अग्निवीर परतणार, तेही पंचविशीच्या आसपास. सेवेतल्या प्रशिक्षणाला पदवीच्या निम्म्या क्रेडिटचं मोल देणारा अभ्यासक्रम इग्नूनं आखला, हे फार चांगलं झालं. सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधीही हातात येईल. पण गावाकडच्या घरात एकरकमी पैसा आला की बहिणीचं लग्न, विहीर, घराचा स्लॅब आधी उभे राहतात, आणि त्यात गैर काही नाही. म्हणूनच सेवानिधीला हात न लावता, शिकेल तितके महिने वेगळा निर्वाह भत्ता अग्निवीराला मिळायला हवा. आणि त्याचे कागद बघायला प्रत्येक कॉलेजात एक माणूस नेमलेला हवा, विषय सोडायच्या आधी ज्याच्याकडे जाता येईल असा.