वेगाचे दुकान

वेग दुकानात विकत मिळतो, हे मला लॉस एंजेलिसला गेल्यावर कळले! सैन्यातून सुटलेल्या अलेक्स झायडियसने १९४६ साली जवळच्याच बरबँकला ‘सो-कॅल स्पीड शॉप’ थाटले. गिऱ्हाईक कोण? जुन्या फोर्डचे इंजिन परसात खोलून बसणारी पोरे. ती भर रस्त्यात शर्यती लावीत. जिवावर बेतत असे. १९५० मध्ये सांता आनाच्या विमानतळावर पाव मैलाची सरळ शर्यत सुरू झाली, तेव्हा कुठे त्यांना हक्काची जागा मिळाली. खुद्द झायडियसची गाडी म्हणजे लढाऊ विमानाची पेट्रोलची टाकी, खाली चार चाके! १९५२ साली बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ती ताशी १९८ मैल धावली. दुकान १९६१ मध्ये बंद झाले. गाडी मात्र पुढे कुणी हौसेने दुरुस्त केली. मी पाहिली ती अगदी लखलखीत. तिच्यावर एखादा पोचा सापडतो का, हे मी बराच वेळ वाकून पाहत होतो.