शेजार सोडतीतला

वसतिगृह म्हटलं की आपल्याला काय आठवतं? लोखंडी खाट, पत्र्याची ट्रंक, रेक्टरांची हजेरी आणि मेसची पातळ आमटी. पुण्याच्या ज्या वसतिगृहात माझी चार वर्षं गेली, तिथे आणखी एक गोष्ट होती. नगरची मुलं नगरकरांच्या पंगतीला, सांगलीची सांगलीकरांच्या. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण तो मोडताना मी कुणाला पाहिलं नाही.

म्हणूनच अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या 'हाउस'ची रीत कळली, तेव्हा मला तिचं अप्रूप वाटलं. पहिलं वर्ष मुलं जुन्या आवारात आणि त्याच्या आसपास काढतात. पुढची तीन वर्षं बहुतेकांचा मुक्काम बारांपैकी एका हाउसमध्ये. प्रत्येक हाउसचं स्वतःचं भोजनगृह, ग्रंथालय आणि तिथेच कुटुंबासह राहणारे प्राध्यापक.

विसाव्या शतकाच्या आरंभी तिथली श्रीमंत मुलं माउंट ऑबर्न रस्त्यावरच्या ऐषआरामी खासगी इमारतींत राहत. त्या भागाला नावच पडलं होतं 'गोल्ड कोस्ट'. गरिबांच्या वाट्याला आवारातल्या जुनाट खोल्या. ही दरी बुजावी म्हणून अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी हाउसची योजना रेटली. पैसा दिला एडवर्ड हार्कनेस यांनी; आणि गंमत म्हणजे ते शिकलेले येल या प्रतिस्पर्धी विद्यापीठात! १९३० मध्ये डन्स्टर आणि लॉवेल ही पहिली दोन हाउस उघडली.

पण याच लॉवेलसाहेबांनी १९२२ मध्ये कृष्णवर्णीय मुलांना पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांत राहायला मज्जाव केला होता. त्यावर गदारोळ उठला आणि पुढच्या वर्षी विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ती बंदी उठवली. दरी बुजवणारा आणि कुंपण घालणारा, माणूस एकच!

कुंपणं पुढेही उगवली. हाउसची पसंती मुलांना कळवता येई, तोवर खेळाडू एकीकडे, कलावंत दुसरीकडे अशी वाटणी होत राहिली. अखेर १९९६ पासून हाउस सोडतीने ठरू लागलं. मैत्रीची सोय मात्र ठेवली आहे: आठ जणांपर्यंतचा गट एकत्र नाव देऊ शकतो. मला हे शहाणपणाचं वाटतं. ओळखीचे चार चेहरे हवेतच. पण भोजनगृहातली बाकीची टेबलं अनोळखी असावीत.

आपण मुलाला वसतिगृहात ठेवताना पाणी पाहतो, जेवण पाहतो. शेजाऱ्याची चौकशी करतो ती 'आपल्याकडचाच आहे ना?' एवढीच. 'नाही' असं उत्तर आलं, तर आपण खूश व्हायला हवं. कॉलेजच्या अभ्यासक्रमात नसलेला एक विषय मुलाला त्या खोलीत फुकट शिकायला मिळणार असतो.