उशिरा बोलणारे बालक : वेखंडापूर्वी श्रवणपरीक्षा

‘मूल अजून बोलत नाही, काही चाटण द्या,’ अशी मागणी घेऊन येणारे पालक आम्हाला वारंवार भेटतात. व्यवसायबंधूंचा अनुभवही निराळा नसावा. आपले उत्तर तयार असते : वेखंड, ब्राह्मी, सारस्वतारिष्ट. वचा हे नावच वाणीशी जोडलेले, तेव्हा हात आपसूक तिकडे जातो. तथापि त्याआधी जे पाहावयास हवे ते पुष्कळदा राहून जाते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, सकफ वायूने शब्दवाहिनी धमन्या आवृत झाल्यास मूक, मिन्मिण व गद्गद या अवस्था उत्पन्न होतात, असे सांगितले आहे. वाग्विकृतीचे प्रकार वेगवेगळे आहेत, हे येथेच स्पष्ट होते. न बोलणे हे लक्षण आहे. त्यामागे बाधिर्य, स्वमग्नता, बुद्धीचा मंद विकास किंवा घरातील संभाषणाचा अभाव, यांपैकी काहीही असू शकते. भेद न करता दिलेले मेध्य रसायन म्हणजे निदानाविना चिकित्सा होय.

यांत बाधिर्य प्रथम पाहावे, कारण ते सर्वांत सहज नजरेतून निसटते. जन्मतः बधिर अर्भकही पहिले काही महिने हुंकार देते, त्यामुळे घरचे निश्चिंत असतात. सहा-सात महिन्यांनंतर ‘बाबाबा, दादादा’ अशी जी अक्षरांची बडबड ऐकू यावयास हवी, ती मात्र येत नाही. थाळी वाजवून केलेली परीक्षा विश्वसनीय नाही. मूल हाताची हालचाल पाहून किंवा कंप जाणवून वळते. शिवाय काही बालकांस जाड आवाज ऐकू येतात, पण स, श यांसारखे सूक्ष्म वर्ण येत नाहीत. ओएई ही तपासणी काही मिनिटांत होते व तीत बालकाच्या प्रतिसादाची गरज नसते. शंका उरल्यास बेरा करावी. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना, हा सर्वमान्य दंडक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याअंतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्यात आली. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

वर्षाचे मूल नावाने हाक मारली असता वळत नसेल, बोट दाखवीत नसेल. सोळा महिन्यांस एकही शब्द नसेल. दोन वर्षांस ‘आई ये’ इतकी दोन शब्दांची जोडणी नसेल. किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात लोपले असतील, तर वाट पाहू नये. ‘याचा बापही चौथ्या वर्षी बोलला’ हे आजीचे विधान कधीकधी खरे असते. म्हणूनच ते घातक!

औषधांविषयी औषधालय चालकांस विशेष विनंती आहे. बाळगुटीतील वेखंडाचा सहाणेवर एखादाच वेढा देतात, तो जपूनच. मात्रा वाढल्यास वमन होते. भारतीय वेखंडात बीटा-ॲसरोनचे प्रमाण अधिक असते. त्याच्या विषारीपणामुळेच अमेरिकेने १९६८ साली वेखंडाचा खाद्यपदार्थांतील वापर निषिद्ध केला. चूर्णाची पुडी चमच्याच्या हिशेबाने देणे त्यामुळे अनुचित होय. एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये. बोट्युलिझमचा धोका असतो. लेहनाची आपली परंपरा मोठी आहे हे मान्य करूनही आम्ही हे आग्रहाने म्हणतो. सारस्वतारिष्टात स्वयंजनित मद्य असते, हेही विसरू नये.

आणि ज्याला मूल्य पडत नाही ते औषध, म्हणजे बोलणे. अभ्यंग करताना, न्हाऊ घालताना आईने हात, पाय, पाणी, तेल यांची नावे घेत बोलावे, मूल ‘ऊं’ म्हणाले तर थांबावे, त्याची पाळी येऊ द्यावी. घरची भाषा सोडून मोडक्या इंग्रजीत बोलण्याचा सल्ला काही बालवर्गांतून दिला जातो. तो सर्वथा चुकीचा आहे. दोन भाषांमुळे वाणी खुंटत नाही. मोबाइलमुळे मात्र संभाषणाचा वेळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसास एक तासाहून अधिक नको.

आमच्या चिकित्सालयात अशा बालकाच्या चिठ्ठीवर पहिली ओळ श्रवणपरीक्षेची असते, औषध त्याखाली. चालकांनीही मेध्य औषधाची बाटली देताना बालकाचे वय आणि ‘कान तपासले का?’ एवढे अवश्य विचारावे.