बिबळ्याच्या पेल्यातलं पाणी

सातपुड्याच्या जंगलात बिबळा हा वृक्ष वाढतो. आयुर्वेदात त्याला विजयसार म्हणतात. त्याच्या लाकडाचा पेला रात्री पाण्याने भरायचा आणि सकाळी ते तांबूस, निळसर झाक मारणारं पाणी प्यायचं, ही रीत जळगाव-धुळ्यात मधुमेह्यांच्या घरी अनोळखी नाही.

नुसती ऐकीव गोष्टही नाही ही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नव्याने मधुमेह आढळलेल्या ९७ जणांना विजयसार दिलं. १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली, असा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पण ते मोजून दिलेलं औषध होतं, पेल्यातलं पाणी नव्हे. शिवाय तुलनेला दुसरा गटही नव्हता. पेल्यात किती अर्क उतरला, हे कोण मोजणार? या पाण्याने वजनही उतरतं, हा दावा तर मला जाहिरातीपुरताच वाटतो.

मुळात टाइप २ मधुमेहात पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, त्यामागे पोटाभोवतीची चरबी आणि बैठेपणा ही मोठी कारणं. स्नायू हलले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. जेवणानंतरची चाल म्हणूनच कामाची.

ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर सोबत अशा वनस्पतींनी साखर एकदम उतरू शकते. पेला वापरायचाच असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा आणि चालू गोळी मनाने बंद करू नका.