दाढीचा साबण संपवा, पण ब्रश वाळवा

कोल्हापुरातल्या पेठांमधील जुन्या घरांत मोरीच्या खिडकीवर एक सरंजाम अजून दिसतो. स्टीलची वाटी, तिच्या तळाशी झिजून पातळ झालेली दाढीच्या साबणाची वडी, शेजारी ओला ब्रश आणि तुरटीचा खडा. सोबत शेपटीकडून गुंडाळत आणलेली क्रीमची ट्यूब. मुलाने फोमचा नवा डबा आणून दिला तरी आजोबांचे उत्तर ठरलेले असते, ‘आधी हे संपू दे.’ हा काटकसरीचा हट्ट आरोग्याला धरून आहे का? साबणापुरते उत्तर ‘हो’ असे आहे. काळजी घ्यायची ती त्याच्या शेजारच्या वस्तूंची.

फेस कशासाठी?

कोरडा केस चिवट असतो. पाणी शोषल्यावर तो फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. फेस हे पाणी केसावर धरून ठेवतो, त्वचेचे तेल काढतो आणि पाते घसरते ठेवतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त असते. अंगाचा साबण मुख्यतः सोडा क्षाराचा असतो, तर यात बहुधा पोटॅश क्षारही असतो. म्हणून याचा फेस दाट होतो व टिकतो. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम साबणाशी बांधले जाते आणि फेसाऐवजी चोथा तयार होतो. अशा वेळी पाणी उकळून, गाळ खाली बसू देऊन वरचे वापरले तर बऱ्याचदा फरक पडतो. साबण ‘जुना झाला’ म्हणून टाकण्याआधी पाणी बदलून पाहावे.

वडी नासत नाही

वाळलेल्या साबणात पाणी कमी आणि क्षारता जास्त असते, त्यामुळे जंतूंना तिथे वाढायला फारसा वाव नसतो. १९८८ साली हाइन्झ आणि याकोविच या संशोधकांनी साबणाच्या वड्यांवर मुद्दाम जंतू लावले आणि स्वयंसेवकांना त्यांनी हात धुवायला सांगितले. धुतलेल्या हातांवर ते जंतू मोजण्याइतके सापडले नाहीत. मात्र तो प्रयोग हात धुण्याचा होता. दाढीत पात्याने त्वचेला बारीक ओरखडे पडतात, म्हणून थोडी अधिक सावधगिरी हवी. वाटीत साचलेले साबणपाणी रोज ओतून टाकावे आणि वडी उघडी वाळू द्यावी. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती मोरीत न ठेवता वारा लागेल अशा जागी ठेवावी.

वडीचा शेवटचा तुकडा हातात धरवत नाही. तो किसून, गरम पाण्याचे चार थेंब टाकून, नव्या वडीवर दाबून बसवावा आणि रात्रभर वाळवावा. उरलेला चुरा हात धुवायलाही चालतो. तोंड धुवायला मात्र तो रोज वापरू नये. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि साबण क्षारीय, त्यामुळे कोरडी त्वचा आणखी तडकते.

क्रीमचा हिशेब वेगळा

क्रीममध्ये पाणी असते आणि ते टिकवण्यासाठी परिरक्षक घातलेले असतात. ट्यूब घट्ट झाली म्हणून तिच्यात नळाचे पाणी घालून हलवणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने परिरक्षक पातळ होतात आणि जंतूंची सोय होते. ट्यूब कापून आतले क्रीम वापरायचे असेल तर ते दोन-चार दिवसांत संपवावे. वास बदलला, पाणी सुटले, रंग पालटला किंवा मुदत उलटली, तर टाकून द्यावे. एरवी एका दाढीला हरभऱ्याएवढे क्रीम ओल्या ब्रशवर पुरते.

खरा धोका ब्रश आणि पात्याचा

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत अनेकांच्या चेहऱ्यावर व मानेवर काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, उठली. काहींचे प्राण गेले. शोध घेतल्यावर मूळ सापडले ते निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशांत. आजच्या ब्रशांतून तो धोका जवळजवळ गेला आहे. पण ओलाच ठेवलेला ब्रश आजही जंतूंचे घर बनू शकतो. वापरल्यावर तो धुवावा, झटकावा आणि उघड्यावर वाळवावा.

ब्रश, पाते आणि तुरटी बाप-लेकांतही वाटून घेऊ नये. हेपटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो आणि पात्यावरचे न दिसणारे रक्तही त्याला पुरते. सलूनमध्ये नवे पाते डोळ्यांसमोर लावून घ्यावे. एकच तुरटीचा खडा सर्वांच्या गालावरून फिरत असेल तर नको म्हणावे. त्यात कारागिराचा अपमान नाही. या आजारावर लसही आहे.

पुरानंतर काटकसर नको

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, सुतारवाड्यात शिरले. पाणी ओसरल्यावर लोक एकेक वस्तू धुऊन वाचवत होते. पण पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते. त्यात बुडालेला ब्रश, पाती, तुरटी, क्रीम आणि साबणही टाकूनच द्यावा. पाती कागदात गुंडाळून, डब्यात बंद करून द्यावीत, म्हणजे कचरा उचलणाऱ्याचा हात कापणार नाही.

केव्हा दाखवावे?

दाढीनंतरची हलकी पुरळ दोन-तीन दिवस दाढी थांबवली की बहुधा बसते. पू, ताप किंवा पसरणारी लाली असेल, अथवा मधुमेह असेल, तर वाट पाहू नये. गोल, खाजरे चट्टे बुरशीचे असू शकतात, त्यांवर दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावू नये. वरच्या ओठावरचा किंवा नाकाजवळचा फोड कधीही पिळू नये. तिथल्या शिरांचा संबंध मेंदूजवळच्या शिरांशी असतो. संसर्ग आत जाणे दुर्मीळ असले, तरी गेला तर जिवावर बेतते.

आजोबांची वडी शेवटच्या पापुद्र्यापर्यंत खुशाल चालू द्या. वाटीतले पाणी तेवढे रोज ओतले जाते ना आणि ब्रश वाळतो ना, एवढे घरच्यांनी पाहावे.