चेंबर आणि शहर : व्यापारी संस्थेच्या सार्वजनिक कार्याचा विचार

महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या बाजारपेठांच्या शहरांत व्यापारी आणि उद्योजक यांची एक सामाईक संस्था असते. कागदोपत्री तिला वाणिज्य मंडळ म्हटले जात असले, तरी बोलण्यात ती सर्वत्र 'चेंबर' या नावानेच ओळखली जाते. अर्थसंकल्प सादर झाल्यावर वृत्तपत्रांत छापून येणाऱ्या पदाधिकाऱ्यांच्या प्रतिक्रिया किंवा एखाद्या कराच्या विरोधात पुकारलेला बाजार बंद, एवढ्यापुरताच सर्वसामान्य नागरिकाचा या संस्थेशी परिचय असतो. त्यामुळे चेंबर म्हणजे व्यापाऱ्यांच्या सवलतींसाठी भांडणारी संघटना, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत खोटी नसली तरी अपुरी आहे. कचऱ्याची व्यवस्था, सणासुदीच्या काळातील भाववाढ, साथरोगातील औषधोपचाराची साधने अशा ज्या प्रश्नांशी व्यापाराचा वरवर संबंध दिसत नाही, त्यांतही काही चेंबरांनी भरीव काम केलेले आहे. हे काम औदार्यापोटी झालेले आहे की या संस्थेच्या स्वरूपातच त्याचे बीज आहे, हा प्रश्न प्रत्येक शहरवासीयाच्या हिताचा आहे.

चेंबर ही सहसा एका धंद्याची संघटना नसते. कापड व्यापाऱ्यांचा संघ कापडापुरता आणि औषधविक्रेत्यांचा संघ औषधांपुरता बोलतो. चेंबरमध्ये मात्र कारखानदार, घाऊक व्यापारी, वाहतूकदार, बँका, सल्लागार आणि सेवा पुरवणाऱ्या कंपन्या असे भिन्न व्यवसायांचे आणि पुष्कळदा परस्परांशी स्पर्धा करणारे सभासद एकत्र येतात. विकणारा आणि विकत घेणारा, कर्ज देणारा आणि घेणारा अशा दोन्ही बाजू जिथे एकाच कार्यकारिणीत बसतात, तिथे एका धंद्याच्या फायद्याचा ठराव सहजासहजी संमत होत नाही, आणि एकमत होते ते सर्वांच्या गरजेच्या गोष्टींवर : चांगले रस्ते, पुरेसे पाणी, अखंड वीज, कुशल मनुष्यबळ, तत्पर शासनव्यवहार आणि कामगारांना राहण्याजोगे शहर. या सर्व गोष्टी सभासदांच्या तितक्याच सभासद नसलेल्यांच्याही उपयोगाच्या असल्याने चेंबरच्या सार्वजनिक कार्याचा उगम या रचनेतच सापडतो.

या प्रकारच्या संस्थेचा इतिहास युरोपात सुरू होतो. फ्रान्समधील मार्सेय या बंदरात १५९९ साली स्थापन झालेली संस्था जगातील पहिले चेंबर मानली जाते. पुढे या कल्पनेला दोन भिन्न वळणे लागली. फ्रान्स आणि जर्मनी यांसारख्या देशांत चेंबरला कायद्याने सार्वजनिक संस्थेचा दर्जा मिळाला; जर्मनीत तर उद्योग-व्यवसायांना तिचे सभासदत्व घ्यावेच लागते आणि कारखान्यात काम करत शिकणाऱ्या उमेदवारांच्या व्यवसायपरीक्षा घेण्याची जबाबदारीही चेंबरकडेच असते. ब्रिटनमध्ये मात्र चेंबर ही स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची संस्था राहिली आणि तीच पद्धत भारतात आली. कोणालाही सभासद होण्याची सक्ती करता येत नाही आणि कर बसवता येत नाही, अशा संस्थेचा अधिकार तिच्या शब्दाला असलेल्या वजनावरच उभा असतो.

ईस्ट इंडिया कंपनीची भारतातील व्यापारी मक्तेदारी संपुष्टात आल्यानंतर खाजगी पेढ्यांचा व्यापार वाढला आणि १८३६ साली मुंबईत बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. या संस्थेवर प्रामुख्याने युरोपीय पेढ्यांचे वर्चस्व होते आणि राज्यकर्त्यांच्या दरबारी तिला मान होता. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने तर पालिकेवर दोन सदस्य पाठवण्याचा अधिकारच या चेंबरला दिला होता. देशी व्यापाऱ्यांना आपले म्हणणे मांडण्यासाठी वेगळ्या व्यासपीठाची गरज भासू लागली, तेव्हा १९०७ साली इंडियन मर्चंट्स चेंबर उभे राहिले. आणि मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातील व्यापार-उद्योगाला आवाज मिळावा या हेतूने वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. नगरसंस्थांत व्यापाऱ्यांसाठी जागा राखून ठेवण्याची पद्धत सार्वत्रिक मताधिकाराबरोबर इतिहासजमा झाली, ही योग्यच गोष्ट झाली. पण त्यामुळे शहराच्या कारभारात आपले म्हणणे ऐकले जावे असे वाटणाऱ्या चेंबरला हक्काच्या खुर्चीऐवजी अभ्यासाचा आणि सेवेचा आधार घेणे भाग पडले.

हे परिवर्तन सर्वांत स्पष्टपणे पाहायला मिळते ते पुण्यात. १९३४ साली अ. रा. भट यांच्या पुढाकाराने तेथे मराठा चेंबरची स्थापना झाली, तेव्हा पुण्याची ओळख शिक्षणसंस्थांचे, पेन्शनरांचे आणि लष्करी छावणीचे शहर अशी होती. मोठे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असलेल्या शहरात उद्योगांची संस्था काढणे हा भविष्यावर ठेवलेला विश्वास होता. त्याच सुमारास, १९३५ साली, पुण्यात बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी झाली, म्हणजे भांडवल आणि संघटन या उद्योगाच्या दोन्ही गरजांचा विचार शहरात एकाच वेळी सुरू झाला होता. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना आणि त्यापाठोपाठ पिंपरी-चिंचवड परिसरात आलेले वाहन उद्योग यांमुळे पुण्याचे रूप पालटले आणि मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान उद्योजकांचा एक नवा वर्ग तयार झाला. शेतीमालाची प्रक्रिया आणि व्यापार यांचे महत्त्व ओळखून या चेंबरने पुढे आपल्या नावात कृषीचाही समावेश केला.

अशा संस्थेचे रोजचे काम नजरेत न भरणारे असते. निर्यातदाराला 'मूळस्थान प्रमाणपत्र' लागते. माल कोणत्या देशात तयार झाला आहे याची खात्री देणारा हा दस्तऐवज असून तो आयात करणाऱ्या देशाच्या सीमाशुल्क खात्यापुढे ठेवावा लागतो, आणि केंद्र सरकारने अधिकार दिलेली चेंबरे तो देतात. याखेरीज नवे कायदे समजावून सांगणारे वर्ग, विषयवार उपसमित्या आणि शासनाला सादर करायची निवेदने हे काम वर्षभर चालते. निवडून आलेले अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य मानधनाशिवाय काम करतात, तर कचेरीचा कारभार पगारी अधिकारी पाहतात. सभासदांची वर्गणी आणि सेवांचे शुल्क हे उत्पन्नाचे मुख्य मार्ग असतात. मराठा चेंबरने 'संपदा' हे मासिक मराठीतून चालवले, ही गोष्टही या संदर्भात मोलाची आहे, कारण त्यामुळे उद्योगाविषयीचे ज्ञान इंग्रजी वाचणाऱ्या वर्गापुरते अडकून पडले नाही.

लहान उद्योजकाला या व्यवस्थेचा आधार अधिक असतो. मोठ्या कंपनीकडे स्वतःचे वकील, करतज्ज्ञ आणि चाचणी प्रयोगशाळा असतात. आठ-दहा कामगारांच्या वर्कशॉपच्या मालकाला यांतले काहीच परवडत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, परंतु मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध एकट्याने तक्रार करण्याचे धाडस फारच थोड्यांना होते. अशा वेळी नाव न घेता प्रश्न मांडू शकणारी संस्था उपयोगी पडते. सामाईक सुविधांचेही तसेच आहे. चिंचवडमध्ये मराठा चेंबर आणि पिंपरी-चिंचवड महापालिका यांच्या सहभागाने उभे राहिलेले ऑटो क्लस्टर हे त्याचे ठळक उदाहरण होय. 'क्लस्टर' म्हणजे एकाच भौगोलिक परिसरात एकवटलेला एकाच प्रकारचा उद्योगसमूह. अशा समूहातील कोणा एकाला न परवडणारी चाचणी यंत्रे आणि प्रशिक्षणाच्या सोयी एका ठिकाणी उभारून त्या शुल्क घेऊन सर्वांना खुल्या केल्या जातात.

शहराच्या थेट सेवेचे सर्वांत घरगुती उदाहरण मात्र पुण्याच्याच दुसऱ्या एका संस्थेचे आहे. नावात चेंबर असले तरी प्रामुख्याने मार्केट यार्डातील घाऊक भुसार व्यापाऱ्यांची असलेली दि पूना मर्चंट्स चेंबर ही संस्था दिवाळीच्या तोंडावर 'ना नफा ना तोटा' या तत्त्वावर लाडू आणि चिवडा तयार करून शहरभरातील केंद्रांवर विकते, आणि या फराळासाठी पुणेकर रांगा लावतात. या उपक्रमामागील आर्थिक तर्क समजून घेण्यासारखा आहे. डाळ, साखर, पोहे, तेल यांची घाऊक खरेदी हाच सभासदांचा व्यवसाय असल्याने कच्चा माल कोठे, केव्हा आणि कोणत्या भावाने घ्यावा याचे ज्ञान संस्थेला बाहेरून आणावे लागत नाही. त्या ज्ञानातून नफ्याचा हिस्सा तेवढा बाजूला काढला की तयार पदार्थ बेताच्या भावात मिळतो. एवढ्या मोठ्या प्रमाणावर रास्त भावाचा माल उपलब्ध झाल्यामुळे इतर विक्रेत्यांच्या भाववाढीलाही काही प्रमाणात आवर बसतो, आणि बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला सणाचा फराळ हात न आखडता घेता येतो. संस्थेने येथे देणगी दिलेली नाही. आपल्या सभासदांच्या अंगी असलेले कसब काही दिवसांसाठी शहराच्या कामी लावले आहे.

हाच विचार नागरी प्रश्नांना लावल्यास काय साधते, हे मराठा चेंबरच्या पुढाकारातून निर्माण झालेल्या 'जनवाणी' या उपक्रमातून दिसून येते. शहरातील घनकचरा, वारसास्थळे, पर्यावरण अशा विषयांवर काम करणाऱ्या जनवाणीने कात्रज परिसरात 'शून्य कचरा प्रभाग' ही संकल्पना राबवली. कचरा घरातच ओला आणि सुका असा वेगळा केला, ओल्या कचऱ्यावर प्रभागातच प्रक्रिया केली आणि सुका कचरा पुनर्वापरासाठी गेला, तर कचराभूमीवर नेण्याजोगे फारसे काही उरत नाही, हे या संकल्पनेचे सूत्र आहे. ते सांगायला सोपे असले तरी अमलात आणण्यासाठी महापालिका, घरोघरचे नागरिक, आर्थिक साहाय्य करणाऱ्या कंपन्या आणि कचरावेचक या चौघांचा मेळ बसावा लागतो. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून कार्यरत होती आणि त्यातूनच पुढे आलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ मध्ये करार केला होता. कारखानदारांची संस्था आणि कचरावेचकांची संघटना एकाच कामात सहभागी होणे ही सामाजिकदृष्ट्या लहान घटना नाही, कारण शहरातील संपत्तीच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या माणसांना समान उद्दिष्टासाठी एकत्र आणणाऱ्या जागा मुळातच थोड्या असतात.

या क्षमतेची सर्वांत कठीण कसोटी २०२० मध्ये लागली. करोनाची साथ सुरू झाल्यावर उद्योग, रुग्णालये, स्वयंसेवी संस्था आणि प्रशासन यांचा समन्वय साधण्यासाठी 'पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड रिस्पॉन्स' हा मंच उभा राहिला आणि त्यात मराठा चेंबरचा पुढाकार होता. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूचा तुटवडा जीवघेणा ठरू लागला, तेव्हा 'मिशन वायू' या मोहिमेतून प्राणवायू सांद्रित्रे, म्हणजे हवेतील ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारी यंत्रे, सिंगापूरहून मोठ्या संख्येने आणून पुण्याबाहेरही पाठवण्यात आली. परदेशातील पुरवठादार शोधणे, मागणी नोंदवणे, मालाची विमानाने वाहतूक करणे, सीमाशुल्काचे सोपस्कार पूर्ण करणे आणि पोहोचलेला माल योग्य ठिकाणी वाटणे ही सर्व उद्योजकाची रोजची कामे आहेत. फरक इतकाच की या वेळी मालाच्या दुसऱ्या टोकाला श्वासासाठी झगडणारा रुग्ण होता. त्याच काळात सभासद कंपन्यांची उत्पादन आणि रोजगाराविषयीची सर्वेक्षणे करून चेंबरने टाळेबंदीचे परिणाम आकड्यांत मांडले, ज्यामुळे निर्बंधांविषयीच्या चर्चेला तर्काऐवजी माहितीचा आधार मिळाला.

या उदाहरणांतून चेंबरच्या सार्वजनिक कार्याचे मर्म हाती लागते. निधी देण्याचे काम आता कायद्यानेच काही कंपन्यांवर सोपवले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या, उदाहरणार्थ वर्षाला किमान पाच कोटी रुपये निव्वळ नफा असलेल्या, कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. परंतु पैसा उपलब्ध होणे आणि काम उभे राहणे यांत मोठे अंतर असते. प्रत्येक कंपनीने आपापल्या नावाची पाटी लावून वेगळा उपक्रम काढला, तर एकाच शाळेला तीन संगणककक्ष मिळतात आणि शेजारच्या वस्तीला पाण्याची टाकीही मिळत नाही. गरजांची नोंद ठेवून या प्रयत्नांची सांगड घालणारी संस्था असणे आवश्यक असते. शिवाय ज्यांना हा कायदा लागू होत नाही अशा असंख्य लहान उद्योजकांनाही आपला वेळ आणि कौशल्य देण्यासाठी एक विश्वासार्ह मार्ग हवा असतो.

या भूमिकेतील धोकाही दृष्टीआड करता येत नाही. चेंबर अखेर सभासदांच्या वर्गणीवर चालते, आणि सभासदांचे हित व शहराचे हित नेहमीच जुळते असे नाही. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यांविषयी, कंत्राटी कामगारांच्या सुरक्षिततेविषयी किंवा बाजारपेठेतील बेशिस्त वाहनतळांविषयी बोलताना संस्थेला आपल्याच माणसांना खडे बोल ऐकवावे लागतात. तिथे मौन पाळून अन्यत्र वृक्षारोपणाचे कार्यक्रम केले, तर ते कार्य राहत नाही, देखावा ठरतो. म्हणूनच वर्षभरात किती कार्यक्रम झाले यापेक्षा सभासदांना गैरसोयीचा पण शहराला आवश्यक असा एखादा तरी निर्णय संस्थेने घेतला का, हा चेंबरच्या मूल्यमापनाचा अधिक कठोर आणि अधिक न्याय्य निकष आहे.

पुण्यामुंबईबाहेर या प्रश्नाचे महत्त्व अधिकच वाढते. हळद आणि बेदाण्याच्या व्यापारासाठी नावाजलेले सांगली, यंत्रमागांचे इचलकरंजी, ओतकामाच्या कारखान्यांचे कोल्हापूर किंवा चादरींचे सोलापूर अशा शहरांत महापालिकांची साधने तुटपुंजी असतात आणि शिकलेले तरुण बाहेर जात असतात. तेथील व्यापारी-उद्योजकांकडे हिशेबाची शिस्त, पुरवठ्याचे ज्ञान, बाहेरच्या जगाशी संपर्क आणि एकमेकांवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास ही मोठी पुंजी आहे. स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम कारखान्यांच्या गरजांशी जोडणे, पूरकाळात धान्य आणि वाहने यांची आगाऊ व्यवस्था करणे, महापालिकेच्या अर्थसंकल्पाचा सोप्या भाषेत आढावा घेऊन तो नागरिकांपुढे ठेवणे या कामांसाठी मोठ्या निधीची गरज नाही. चिकाटीची आणि निःपक्षपाती वृत्तीची आहे. व्यापाराची भरभराट शहराच्या भरभराटीवर अवलंबून असते, हे प्रत्येक दुकानदार व्यवहारातून जाणतोच. ते जाणणे संघटित स्वरूपात कृतीत उतरवणे हे चेंबरचे काम आहे, आणि आपल्या शहरातील चेंबर ते करते की नाही हे विचारण्याचा अधिकार सभासदांइतकाच नागरिकांनाही आहे.